मुळांपुरती जमीन

वैशाखातल्या भर दुपारी मुंबईच्या दादर पारशी कॉलनीतून पायी जाणाऱ्या माणसाला जी सावली घराच्या फाटकापासून रस्त्याच्या टोकापर्यंत सोबत करते, ती त्याच शहरातील एखाद्या नव्या गृहसंकुलासमोर का मिळत नाही, असे कोणास विचारले तर तेथे झाडे आहेत आणि येथे नाहीत, असे उत्तर बहुधा मिळते. वस्तुस्थिती तशी नाही. नव्या संकुलातही झाडे असतात. प्रवेशद्वाराशी ओळीने उभे केलेले ताडवर्गातील शोभिवंत वृक्ष असतात, वाहनतळाच्या छतावर माती पसरून केलेली बाग असते, आणि मंजुरीसाठी सादर केलेल्या नकाशात तर प्रत्येक झाडाचे हिरवे वर्तुळ काढलेले असते. भेद पडतो तो या झाडांच्या पायाखाली किती जमीन आहे, यामुळे. निवासी वस्त्यांतील वृक्षाच्छादन वाढविण्याचे जे प्रयत्न आपल्याकडे वर्षानुवर्षे चालले आहेत, त्यांत रोपांची चिंता पुष्कळ वाहिली जाते आणि जमिनीची फार थोडी, असे माझे मत आहे. म्हणून हा विषय येथे मुळांच्या बाजूने मांडावयाचा आहे.

पारशी कॉलनी आपोआप हिरवी झालेली नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली, दाटीच्या वस्त्यांतून तिने हजारो माणसे नेली, आणि हवा-उजेडावाचून कोंडलेल्या खोल्यांचे जे विदारक दर्शन त्या वेळी राज्यकर्त्यांस घडले, त्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने तेव्हाच्या शहराच्या उत्तरेस दादर-माटुंगा भागात नव्या वसाहतींची आखणी हाती घेतली. आणि ट्रस्टमधील अभियंते मंचेरजी एदलजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी जी वसाहत उभी करविली, तीत इमारतींमधले अंतर, बागा आणि रस्त्याच्या कडेची वृक्षराजी या गोष्टी घरे बांधून उरलेल्या जागेत कशाबशा बसविलेल्या नव्हत्या, तर घरांच्या बरोबरीनेच योजिलेल्या होत्या. आज तेथे जे छत्र दिसते त्याचे श्रेय झाडे लावणाऱ्यांना आहेच, परंतु जमीन महाग होण्याआधी ती झाडांच्या नावे सोडून ठेवणाऱ्या त्या आखणीला ते अधिक द्यावे लागेल.

झाड वस्तीला थंडावा देते तो दोन प्रकारे. पहिला प्रकार सर्वांस ठाऊक आहे: पानांच्या थरांनी ऊन वरच्यावर अडते आणि खालचे डांबर, भिंत, गाडीचे टप तापत नाही. दुसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही. मुळांनी जमिनीतून ओढलेले पाणी पानांच्या सूक्ष्म रंध्रांवाटे वाफेच्या रूपाने बाहेर पडते, आणि पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतली जाते. यालाच वनस्पतिशास्त्रात बाष्पोच्छ्वास म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेल्या आकड्यांनुसार सावलीतला पृष्ठभाग उन्हातल्या पृष्ठभागापेक्षा ११ ते २५ अंश सेल्सिअसने थंड असू शकतो, आणि बाष्पोच्छ्वासामुळे उन्हाळ्यातील कमाल तापमान १ ते ५ अंशांनी उतरू शकते. मात्र या दुसऱ्या लाभाला एक अट आहे. मुळांना ओल मिळेनाशी झाली की झाड स्वसंरक्षणासाठी पानांवरची ती रंध्रे मिटून घेते, आणि मग ते उभे असले, हिरवे दिसले, तरी हवा थंड करण्याचे त्याचे काम थांबते. काँक्रीटच्या चौकटीत अडकलेल्या झाडाकडून पुरी सेवा मिळत नाही याचे कारण हे आहे.

मुळांविषयी आपल्यात एक गैरसमज रूढ आहे. वर जेवढे झाड दिसते तेवढेच उलटे होऊन जमिनीत खोल गेलेले असते, अशी कल्पना बहुतेकांच्या मनात असते, आणि त्यामुळे बुंध्याभोवती फरशी बसविली तरी मुळांना त्याचे काय, असे वाटते. वास्तविक बहुतांश झाडांची पाणी आणि अन्नरस शोषणारी मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांच्या थरातच असतात, आणि ती खोल जाण्यापेक्षा आडवी पसरतात, कित्येकदा फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. कारण मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि ती वरच्या सैल मातीतच खेळती असते. रस्त्याचे काँक्रीटीकरण करताना, जलवाहिनी किंवा केबल टाकण्यासाठी चर खणताना, पदपथावर पेव्हर ब्लॉक बसविण्यापूर्वी जमीन ठोकून घट्ट करताना घाव पडतो तो याच थरावर. त्या दिवशी काही दिसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनंतर शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागतात, आणि एखाद्या वादळी रात्री झाड मुळांसकट आडवे होते, तेव्हा त्याच्या तळाशी पाहिले तर एका बाजूची मुळे करवतीने कापल्यासारखी तुटलेली आढळतात. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांच्या संदर्भात असा हुकूम दिला की बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकावे आणि झाडांवर ठोकलेल्या पाट्या, खिळे, तारा उतरवाव्यात. एक मीटर ही काही मोठी देणगी नव्हे, परंतु तेवढीही जागा आपल्या रस्त्यांवरील बहुसंख्य झाडांच्या वाट्याला आलेली नाही.

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा स्वतंत्र अधिनियम आहे. त्यान्वये प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असावे, परवानगीशिवाय झाड तोडू नये, ठरावीक मुदतीने झाडांची मोजदाद व्हावी, अशी तरतूद आहे, आणि मुंबई-पुण्याच्या रहिवाशांना मालमत्ता कराच्या बिलात झाडांसाठीचा उपकरही भरावा लागतो. मुंबईच्या २०१८ मधील वृक्षगणनेत २९ लाख ७५ हजारांवर झाडे नोंदली गेली. मोजदाद आवश्यक आहे, तिच्यावाचून कारभार चालणार नाही; तथापि गणनेत कालचे लावलेले हातभर रोप आणि शंभर वर्षांचा वटवृक्ष या दोहोंची नोंद एकेकच पडते, आणि सावलीचा हिशोब तेथेच चुकतो. वीस मीटर घेराचा व्यास असलेला एक जुना पर्जन्यवृक्ष सुमारे ३१४ चौरस मीटर जमिनीवर छाया धरतो. २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास वा अधिक वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावण्याची जबाबदारी आली, हे पूर्वीच्या मानाने पुष्कळ पुढचे पाऊल आहे. आता असा पर्जन्यवृक्ष साठ वर्षांचा असून तो तोडला गेला आणि त्याच्या बदली साठ रोपे प्रामाणिकपणे लावून ती सर्व जगली असे धरले, तरी प्रत्येकाचा घेर मीटरभर होईल तेव्हा त्या साठांची मिळून छाया ४७ चौरस मीटर भरेल. शिवाय ती रोपे त्याच गल्लीत लागतील याची हमी नसते. पुष्कळदा ती शहराच्या सीमेवरच्या एखाद्या टेकडीवर लागतात, आणि ज्या म्हाताऱ्या माणसाच्या खिडकीवरचे छत्र गेले त्याच्या आयुष्यात ते परत येत नाही.

झाडाच्या मोलात वर्षांचा हिशोब असतो ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. गलबतांसाठी लाकूड हवे, हे राज्याच्या संरक्षणाचे काम. तरीही आंबा-फणसासारख्या झाडांना रयतेच्या इच्छेविरुद्ध हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोटच्या मुलांप्रमाणे वाढविलेली असतात, आणि जीर्ण झालेले झाडही धन्याला राजी करून, मोल देऊन मगच न्यावे, असा त्यातला आशय आहे. राज्याच्या निकडीपुढेही ज्या विवेकाने झाडाचे वय मोजले, तो विवेक गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाच्या वेळी आपण दाखवू नये, याचे मला फार वाईट वाटते.

कारण आजच्या घडीला निवासी वस्तीतील झाडांवरचे सर्वांत मोठे संकट पुनर्विकास हेच आहे, आणि ते केवळ झाडे तोडली जातात एवढ्यापुरते नाही. चार मजली जुन्या इमारतीभोवती जी मोकळी जमीन असे, तीत कोणी आजोबांनी लावलेला आंबा, तुळशी वृंदावनामागचा पारिजातक, कुंपणाशी आपोआप उगवलेला उंबर वाढत असे. नवी इमारत उभी राहते तेव्हा वाहनांसाठी तळघर लागते, आणि ते तळघर भूखंडाच्या एका हद्दीपासून दुसऱ्या हद्दीपर्यंत खणले गेले की त्या भूखंडावर जमीन या नावाची वस्तूच उरत नाही. वर दिसते ती माती छताच्या स्लॅबवर पसरलेली, हात-दीड हात जाडीची. तीत हिरवळ येईल, जास्वंद येईल, चाफाही कदाचित तग धरील, पण मोठा वृक्ष तेथे कधीही होणार नाही, कारण त्याला धरावयास आधार नाही आणि उन्हाळ्यात साठा करून ठेवलेली ओल नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात असा निर्णय दिला की संकुलातील किमान करमणूक-क्षेत्र जमिनीच्या पातळीवरच असले पाहिजे, ते पोडियमवर दाखवून भागणार नाही. त्या निर्णयामागे मुलांच्या खेळाचा आणि मोकळ्या हवेचा विचार होता. झाडांच्या दृष्टीनेही तो तितकाच मोलाचा आहे. पुनर्विकासाचा करार करताना चटईक्षेत्र, कॉर्पस निधी आणि भाड्याची रक्कम यांवर महिनोन्‌महिने वाटाघाटी करणाऱ्या सभासदांनी, भूखंडाच्या कोणत्या भागाखाली तळघर येणार नाही, एवढा एक प्रश्न वास्तुविशारदास विचारावा. तेवढ्या भागातच पुढच्या पिढीची झाडे होणार आहेत.

जुने झाड राखणे हे नवे लावण्याहून अधिक फलदायी असले, तरी राखण्याच्या नावाखाली त्याचे जे हाल होतात तेही पाहण्याजोगे आहेत. मे महिन्यात पावसाळापूर्व छाटणी सुरू होते. ठेकेदाराची माणसे येतात, विजेच्या तारांच्या किंवा गाड्यांच्या बाजूच्या सगळ्या फांद्या उतरवतात, कोठे तर शेंडाच उडवतात, आणि झाडाचा तोल एका अंगाला ठेवून निघून जातात. मोठी फांदी काढण्याची रीत निराळी आहे. प्रथम खोडापासून हातभर अंतरावर फांदीच्या खालच्या अंगाने थोडा काप द्यावयाचा. मग त्याच्या जरा पुढे वरून कापून फांदीचा भार उतरवावयाचा, म्हणजे ती पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेत नाही. आणि शेवटी उरलेला खुंट, फांदी जेथे खोडाला मिळते तेथे सालीचा जो किंचित फुगीर कडा असतो तो शाबूत ठेवून, त्याला लागून काढावयाचा. त्या कड्यातल्या पेशी वाढून जखम भरून येते. कडा कापला गेला, किंवा वीतभर खुंट तसाच राहिला, तर जखमेतून बुरशी आत शिरते आणि काही वर्षांनी खोड पोकळ होते. शेंडा उडविलेल्या झाडाला चोहोंकडून भराभर फुटवे येतात, लोकांना वाटते झाड जोमाने वाढले. पण त्या फुटव्यांची पकड वरवरची असते आणि वाऱ्यात मोडून पडतात त्या याच फांद्या. पावसाळ्यात झाडाखाली गाडी ठेवण्याची, त्याच्याखालून मुलांना शाळेत पाठविण्याची जी भीती लोकांना वाटते ती खोटी नव्हे. माणसे दगावली आहेत. मात्र त्या भीतीचा उपाय म्हणून पुन्हा तशीच छाटणी मागविली जाते, आणि झाड अधिकच धोक्याचे होते.

आता नव्या रोपांकडे वळू. रोपवाटिकेतून येणारे रोप काळ्या पिशवीत वाढलेले असते, आणि पिशवीत ते दोन-तीन वर्षे राहिले असेल तर पिशवी फाडून पाहावे: मुळे आतल्या बाजूने गोल-गोल फिरून एकमेकींत गुरफटलेली दिसतात. तसेच रोप जमिनीत पुरले तर कित्येक वर्षांनीही ती मुळे तशीच गोल फिरत राहतात, बुंध्याला फास बसतो आणि झाड ऐन भरात असताना कोलमडते. म्हणून पिशवी पूर्ण काढावी, गुरफटलेली मुळे हलक्या हाताने सोडवावीत, न सुटणारी धारदार सुरीने छेदावीत. खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असावा असा शिरस्ता आहे. शहरात खणताना तेथे माती लागेल अशी खात्री नसते, बहुधा मुरूम आणि जुन्या बांधकामाचा राडारोडा निघतो, तो तेथून हलवून चांगली माती व शेणखत भरल्याशिवाय रोप लावण्यात अर्थ नाही. खोडाचा पाया मातीत गाडला जाऊ नये. आधाराची काठी आणि लोखंडी जाळी दोन-तीन वर्षांसाठी असते, पण ती काढावयास कोणी येत नाही आणि जाळीच्या सळया खोडात रुतून बसलेल्या कितीतरी झाडांवर दिसतात.

जातींची निवड करताना रस्त्याची रुंदी आधी पाहावी. वड, पिंपळ, नांद्रुक ही माझ्या मनाला अत्यंत प्रिय झाडे आहेत, तांबटापासून राखी धनेशापर्यंत सर्वांचे पोट त्यांवर भरते. तरी वीस फुटी गल्लीत त्यांना आणणे हा त्यांच्यावरच अन्याय आहे. त्यांची जागा मैदानाच्या कडेला, शाळेच्या आवारात, नदीकाठी. अरुंद रस्त्याला बकुळ, करंज, पुत्रंजीव, कांचन, बहावा आणि आपले राज्यपुष्प म्हणून मान्यता पावलेले ताम्हण शोभेल. थोडी अधिक जागा असेल तेथे कडुनिंब, जांभूळ, कुसुम, अर्जुन. एकोणिसाव्या शतकात मादागास्करहून आलेला गुलमोहर आणि दक्षिण अमेरिकेकडचा पर्जन्यवृक्ष आपल्या रस्त्यांवर इतके रुजले की त्यांना परके म्हणवत नाही, आणि उभे आहेत ते अवश्य राखावेत. एकाच जातीवर भिस्त ठेवण्याचे दुष्परिणाम मात्र मुंबईने अनुभवले आहेत. पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने तेथील अनेक पर्जन्यवृक्ष उभ्या-उभ्या वाळले. अमेरिकन वृक्षतज्ज्ञ फ्रँक सँटामोर यांनी १९९० मध्ये सुचविलेला दंडक असा की शहरात एका जातीची झाडे दहा टक्क्यांहून, एका प्रजातिसमूहाची वीस टक्क्यांहून आणि एका कुळाची तीस टक्क्यांहून अधिक नसावीत. चटकन वाढते म्हणून जागोजाग लावलेल्या कोनोकार्पसचा अनुभव ताजा आहे. २०२३ मध्ये गुजरात सरकारने त्याच्या लागवडीस बंदी केली. अलीकडे जपानी शास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीने लहान भूखंडांवर दाट झाडोरा उभारण्याची टूम निघाली आहे. पडीक जमिनीवर ती उपयोगी खरी, परंतु कुंपणात बंदिस्त केलेला तो झाडोरा शाळेतून परतणाऱ्या मुलाच्या डोक्यावर सावली धरीत नाही, आणि निवासी वस्तीची गरज तर तीच आहे.

वस्तीत झाडे वाढविण्याचे काम केवळ शासनाच्या किंवा केवळ लोकांच्या बळावर होत नाही, याचे चांगले उदाहरण बंगळुरूचे आहे. १९८२ च्या सुमारास कर्नाटकाच्या वनखात्यातील अधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांच्याकडे त्या शहराच्या वृक्षारोपणाचे काम सोपविले गेले, आणि पुढील काही वर्षांत सुमारे १५ लाख झाडे तेथे लागली. तो आकडा थक्क करणारा आहे, परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की झाडे घरांसमोर लागली आणि त्या घरांतल्या माणसांना त्यांत सामील करून घेतले गेले. ज्याच्या दारात झाड आहे त्याला ते वाळत चालले की दिसते. खात्याच्या दफ्तराला दिसत नाही. शहरी वृक्षशास्त्राचे डच अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या सूत्रातही हीच दृष्टी आहे: प्रत्येक घरातून निदान तीन झाडे दिसावीत, प्रत्येक वस्तीत तीस टक्के जमीन वृक्षछायेखाली असावी, आणि प्रत्येकापासून तीनशे मीटरांत एखादे उद्यान असावे. यातील तीस टक्क्यांचे माप वस्तीला लावले आहे, शहराला नाही. मुंबईच्या उत्तरेला राष्ट्रीय उद्यान आहे, पुण्याला टेकड्या आहेत, म्हणून गोवंडीतल्या किंवा पेठांमधल्या माणसाला सावली मिळाली असे होत नाही.

गृहनिर्माण संस्थेच्या सभेत झाडाचा विषय निघाला की पाचोळा पडतो, पक्ष्यांची विष्ठा गाडीवर पडते, खालच्या मजल्यावर अंधार होतो, मुळांनी टाकी फुटेल, अशा हरकती येतात. त्या झिडकारून टाकू नयेत. अंधाराची तक्रार खालच्या दोन फांद्या योग्य रीतीने काढून मिटते. टाकीपासून अंतर ठेवून खड्डा घेतला तर मुळांचा धाक उरत नाही. आणि पाचोळा हा तर झाडाच्याच आळ्यात चार बोटे जाड पसरून ठेवावयाचा असतो, त्याने उन्हाळ्यात ओल टिकते आणि कालांतराने माती होते. तो गोळा करून कोपऱ्यात पेटवून देण्याची चाल आपण सोडली पाहिजे. झाडावर तोडीची नोटीस चिकटविलेली दिसली तर तिच्यावर हरकत घेण्याची मुदत लिहिलेली असते, आणि ती हरकत कोणीही रहिवासी साध्या अर्जाने घेऊ शकतो, हेही सभासदांना माहीत असावे.

खड्डे मे महिन्यात खणून उघडे तापू द्यावेत, मातीत जिरेल असे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोपे लावावीत, आणि त्यानंतर खरे काम दिवाळी उलटल्यावर सुरू होते. पहिले तीन उन्हाळे प्रत्येक रोपाला आठवड्यातून दोनदा दोन बादल्या पाणी घालावे लागते. मोठ्या संकुलांतील सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे पाणी यासाठी चालते, लहान संस्थेत माळ्याला किंवा वॉचमनला त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात. तो खर्च किरकोळात घालू नये. रोपांच्या संख्येसह, आणि पाणी कोण घालणार याच्या नावासह, तीन वर्षांच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून मांडावा.